जागेवर नसलेला ठिपका : साडेआठ वर्षांच्या मुलाच्या कोपराचे एक प्रकरण

रेडिओग्राफीच्या पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना लहान मुलांचे कोपर शिकवताना मी दरवर्षी या एका प्रकरणापासून सुरुवात करतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पण फिल्मवर जे दिसले, जे दिसले नाही आणि ज्या क्रमाने आम्हाला ते उमगले, तो क्रम तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या क्रमातच आहे.

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार होता. शाळा अजून उघडायची होती, जांभळे पिकलेली होती, आणि या दिवसांत झाडावरून पडलेली मुले आमच्या क्ष-किरण विभागात रोज एकदोन तरी येतात. जांभळाची फांदी दिसायला दणकट असली तरी कडकन मोडते, हे गावाकडे प्रत्येक मुलाला बजावलेले असते आणि तरीही मुले चढतातच. हा साडेआठ वर्षांचा मुलगा शनिवारी दुपारी पडला होता. उजवे कोपर कापडी पट्टीने गुंडाळलेले होते आणि डाव्या हाताने त्याने ते पोटाशी धरून ठेवले होते. मागणीपत्रावर डॉक्टरांनी एवढेच लिहिले होते : उजवे कोपर, एपी (समोरून घेतलेले चित्र) आणि लॅटरल (बाजूने घेतलेले), झाडावरून पडल्याचा इतिहास.

त्या दिवशी खोलीत प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी काम करत होती आणि मी शेजारच्या खोलीत छातीच्या फिल्म तपासत होतो. तिने मुलाला वडिलांच्या मांडीवर बसवले, पट्टी न सोडता हात कॅसेटवर, म्हणजे फिल्मच्या चपट्या पेटीवर, ठेवला आणि दोन एक्सपोजर घेतले. फिल्म माझ्यासमोर आणून ती म्हणाली, "सर, फ्रॅक्चरची रेघ कुठेच दिसत नाही. केंद्रं मोजली. कॅपिटेलम आहे, रेडियल हेड आहे, ट्रॉक्लियाही आली आहे. मध्ये काही पांढरे ठिपके आहेत, ते पट्टीतले असावेत."

तिने केंद्रे, म्हणजे कूर्चेत नव्याने तयार होणाऱ्या हाडाचे ठिपके, मोजली होती, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक विद्यार्थी मुलाच्या कोपरात फक्त तडा शोधतात आणि तडा नसला की फिल्म बाजूला ठेवतात. मी तिला एकच प्रश्न विचारला : "आणि 'आय' कुठे आहे?"

हा प्रश्न समजण्यासाठी मुलाच्या कोपराची रचना नीट डोळ्यांसमोर हवी. मोठ्या माणसाच्या कोपरात दंडाच्या हाडाचे म्हणजे ह्युमरसचे खालचे टोक पूर्ण हाडाचे असते : बाहेरच्या बाजूला गोलसर कॅपिटेलम, ज्यावर पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाचे, रेडियसचे, डोके म्हणजे रेडियल हेड फिरते, आतल्या बाजूला मधोमध खाच असलेली ट्रॉक्लिया, जिच्यावर करंगळीकडचे हाड, अल्ना, हलते, आणि या दोन सांध्याच्या पृष्ठभागांच्या वर, दोन्ही कडांना, स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या मुळांसाठी दोन उंचवटे, म्हणजे बाहेरचा लॅटरल आणि आतला मीडियल एपिकॉन्डाइल. ट्रॉक्लिया या शब्दाचा अर्थच कप्पी असा आहे, आणि विहिरीवरच्या रहाटाची कप्पी ज्याने पाहिली आहे त्याला दोराची खाच आणि अल्नाची पकड यांतले साम्य वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मुलाच्या कोपरातही हे सगळे भाग असतात, त्यांचा आकारही जवळपास तसाच असतो, परंतु त्यांचा मोठा हिस्सा कूर्चेचा असतो, आणि कूर्चा फिल्मवर आजूबाजूच्या मऊ ऊतींसारखीच करडी दिसते, म्हणजे व्यवहारात दिसतच नाही. त्या कूर्चेच्या आत ठरावीक वयाला हाड तयार होऊ लागते आणि तेव्हा फिल्मवर एक पांढरा ठिपका उमटतो. हेच अस्थिभवन केंद्र.

कोपरात अशी सहा केंद्रे आहेत आणि ती ठरलेल्या क्रमाने येतात : कॅपिटेलम, रेडियल हेड, मीडियल एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन (अल्नाचे कोपरामागचे टोक), लॅटरल एपिकॉन्डाइल. इंग्रजी आद्याक्षरांवरून विद्यार्थी त्याला 'क्रिटोल' म्हणतात. त्यातला 'आय' म्हणजे इंटर्नल, अर्थात मीडियल एपिकॉन्डाइल. वये १, ३, ५, ७, ९, ११ अशी पाठ करायला सोपी आहेत, पण ती केवळ सोय आहे. मुलींमध्ये केंद्रे वर्षादोन वर्षांनी लवकर येतात, मुलग्यांमध्ये उशिरा, आणि एकाच वयाच्या दोन मुलांत बराच फरक असू शकतो. म्हणून मी वयाच्या आकड्यांवर फार भर देत नाही. भर द्यायचा तो क्रमावर, आणि त्यातही एका जोडीवर : ट्रॉक्लियाचे केंद्र मीडियल एपिकॉन्डाइलच्या आधी दिसत नाही. 'टी' आहे आणि 'आय' नाही अशी फिल्म समोर आली, तर तो 'टी' खरोखर ट्रॉक्लिया आहे असे मानण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. तो जागा सोडून सांध्यात उतरलेला मीडियल एपिकॉन्डाइल असू शकतो.

विद्यार्थिनीने फिल्म पुन्हा व्ह्यूबॉक्सवर लावली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "आतल्या कडेला काहीच नाही. पण सर, हात फिरलेला आहे. ठिपका हाडामागे लपला असेल तर?"

तिची शंका रास्त होती आणि तिथूनच या प्रकरणाचा खरा अभ्यास सुरू झाला. एखादी गोष्ट फिल्मवर नाही असे म्हणायचे असेल, तर ती असती तर दिसलीच असती अशी फिल्म आधी हातात हवी. आमच्या हातात तशी फिल्म नव्हती. एपी म्हणून घेतलेल्या चित्रात पुढचा हात पालथा होता, रेडियस अल्नावरून आडवा गेला होता आणि त्याच्याबरोबर दंडही थोडा फिरला होता. अशा फिरलेल्या स्थितीत एपिकॉन्डाइलचा छोटा ठिपका हाडाच्या सावलीवर पडू शकतो. लॅटरलची स्थिती त्याहून वाईट होती. मूल मांडीवर बसलेले असल्याने खांदा टेबलाच्या बराच वर राहिला, दंड तिरका खाली उतरला आणि ह्युमरसच्या दोन्ही कडा एकमेकांवर न येता शेजारी शेजारी दिसत होत्या. आणि या सगळ्यावर पट्टीतले पांढरे ठिपके विखुरलेले होते, त्यांतले दोन नेमके आतल्या बाजूला.

म्हणजे सांध्याच्या आतल्या बाजूला दिसणाऱ्या त्या एका गोल सावलीचे तीन अर्थ शक्य होते : ती ट्रॉक्लिया असेल, निसटलेला एपिकॉन्डाइल असेल, किंवा पट्टीतला कसला तरी कण असेल. पहिला अर्थ खरा असता तर मुलगा झोळी बांधून घरी गेला असता. दुसरा खरा असता तर त्याला शस्त्रक्रियेची गरज होती.

मी बाहेर जाऊन वडिलांशी बोललो. पट्टीत काय आहे असे विचारल्यावर ते आधी गप्प राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, खरं सांगू का, शनिवारी कोपर पार वाकडं झालं होतं. शेजारच्या गावात हाडवैद्य आहेत, त्यांनी ओढून बसवलं. कट्कन आवाज आला आणि सरळ झालं. रात्री पोराच्या आईनं हळद-चुन्याचा लेप लावला. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

या पाच वाक्यांत आम्हाला हवे असलेले जवळपास सगळे होते. कोपर 'पार वाकडे' झाले होते म्हणजे सांधा निखळला होता. ओढल्यावर 'कट्कन' बसला म्हणजे तो जागेवर आला होता, आणि मीडियल एपिकॉन्डाइल सांध्यात अडकण्याचा धोका नेमका याच क्षणी असतो. लेपात चुना होता म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा उलगडा झाला, कारण चुन्यातले कॅल्शियम क्ष-किरण अडवते. आणि 'तुम्ही रागवाल' या शब्दांतून हे कळले की ही माहिती मागणीपत्रावर का आली नव्हती. मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो की अशा वेळी आवाज चढवू नये. शनिवारी संध्याकाळी, जवळ अस्थिरोगतज्ज्ञ नसताना, वेदनेने ओरडणाऱ्या मुलाला घेऊन बाप जिथे जाता येईल तिथे जातो. आपण रागावलो तर पुढचा बाप काहीच सांगणार नाही, आणि न सांगितलेल्या इतिहासाची भरपाई कुठल्याही केव्ही-एमएएसने, म्हणजे यंत्रावर लावायच्या किरणांच्या मापांनी, होत नाही.

मी आणखी एक प्रश्न मुलालाच विचारला : बोटांना मुंग्या येतात का? त्याने करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट दाखवले. मीडियल एपिकॉन्डाइलच्या मागच्या खोबणीतून अल्नर नर्व्ह जाते; कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या याच नर्व्हमुळे. ओढले गेलेले हाड या नर्व्हला ताण देऊ शकते. निदान करणे आपले काम नाही, पण हे वाक्य मी मागणीपत्राच्या मागे लिहून ठेवले, कारण डॉक्टरांना ते कळणे आवश्यक होते.

दुसऱ्यांदा एक्सपोजर घेण्याआधी डॉक्टरांची परवानगी घेऊन पट्टी सोडली. बांबूच्या चार कामट्या, त्यांखाली जुने लुगड्याचे कापड आणि त्याखाली वाळून पापुद्रे झालेला तांबूस लेप. परिचारिकेने कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो हलक्या हाताने पुसला. आतल्या बाजूला कातडीवर बोटभर रुंदीचा निळसर-काळा डाग होता आणि सूज तिथेच सर्वांत जास्त होती. लेप पुसल्यावर कोपराच्या घडीत आणि काखेकडे कुठे पांढरी पूड राहिली आहे का हे विद्यार्थिनीने दोनदा तपासले. कॅसेटही पुसली, कारण तिच्यावर सांडलेला चुना पुढच्या रुग्णाच्या फिल्मवरही उमटला असता.

आई गरोदर असण्याची शक्यता आहे का हे विचारले आणि तिला बाहेर थांबवले. हात धरण्यासाठी वडील आत राहिले. त्यांना शिशाचा एप्रन दिला आणि त्यांची बोटे किरणांच्या चौकटीत येणार नाहीत अशी जागा दाखवली. मुलाला या वेळी मांडीवर न बसवता बुटक्या स्टुलावर, टेबलाच्या कडेशी आडवे बसवले, म्हणजे पाय टेबलाखाली गेले नाहीत आणि काख टेबलाच्या पृष्ठभागाला टेकली. कोपराचे चांगले लॅटरल चित्र घेण्याचे अर्धे काम या स्टुलाच्या उंचीत आहे. खांदा, कोपर आणि मनगट एकाच आडव्या पातळीत आले, कोपर काटकोनात वाकले आणि अंगठा वर राहिला, की ह्युमरसच्या दोन्ही कडा आपोआप एकमेकांवर येतात. मनगटाखाली स्पंजचा ठोकळा दिला. किरणाचे केंद्र लॅटरल एपिकॉन्डाइलवर, अंतर १०० सेंटिमीटर, छोटा फोकस, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नाही, चौकट दंडाच्या खालच्या तिसऱ्या भागापासून पुढच्या हाताच्या वरच्या तिसऱ्या भागापर्यंत. ५० केव्ही आणि २ एमएएस एवढे पुरले.

एपीसाठी अडचण होती, कारण मुलाला हात पूर्ण सरळ करता येत नव्हता. सुमारे चाळीस अंश बाकी असताना तो अडत होता आणि त्या टोकाला काहीतरी आत दाटल्यासारखे लागत होते. अशा कोपराला जोर देऊन सरळ करणे ही गंभीर चूक आहे. हाड सुटलेले असेल तर ते आणखी सरकते, नर्व्ह ताणली जाते, आणि तरीही फिल्म सरळ येत नाही. त्याऐवजी एकाऐवजी दोन एपी घ्यावेत : पहिल्यात दंड कॅसेटला समांतर ठेवावा, दुसऱ्यात पुढचा हात. दंड समांतर असलेल्या चित्रात ह्युमरसचे खालचे टोक त्याच्या खऱ्या रूपात दिसते आणि आमचा प्रश्न तिथेच होता. तळहात वर केला, दोन्ही एपिकॉन्डाइल बोटांनी चाचपून कॅसेटपासून सारख्या अंतरावर आणले. चाचपताना विद्यार्थिनीचे बोट आतल्या बाजूला थांबले. बाहेरचा उंचवटा लागत होता, आतला लागत नव्हता. तिथे फक्त मऊ सूज होती. आम्ही दोघेही काही बोललो नाही. 'उजवा' दाखवणारा शिशाचा मार्कर लावला आणि एक्सपोजर दिले.

नवी एपी फिल्म स्वच्छ होती. चुन्याचे ठिपके नाहीसे झाले होते. आता हेही कळत होते की ते आधीही वेगळे ओळखता आले असते : चुन्याचे कण हाडापेक्षा ठळक, वेडेवाकडे आणि टोकदार होते आणि त्यांतले काही कातडीच्या रेषेच्या बाहेर होते, तर अस्थिभवन केंद्राची घनता शेजारच्या हाडाइतकीच असते आणि त्याच्या आत हाडाची नाजूक जाळी दिसते. सांध्यातली ती गोल सावली मात्र जिथे होती तिथेच होती. मीडियल एपिकॉन्डाइलची जागा रिकामी होती. ह्युमरसची आतली कड जिथे संपते तिथे सपाट, किंचित खडबडीत रेघ होती आणि तिच्या शेजारी काहीच नव्हते. आतल्या बाजूची सांध्याची फट बाहेरच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे रुंद होती.

त्या गोल सावलीकडे मी विद्यार्थिनीला भिंगातून पुन्हा पाहायला सांगितले, कारण या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथे आहे. ट्रॉक्लियाचे हाड सहसा एका केंद्रातून बनत नाही. दोन-तीन किंवा अधिक बारीक कणांतून बनते, आणि म्हणून सुरुवातीच्या काळात ते तुटक, दाणेदार, कडा उसवल्यासारखे दिसते. न जाणणाऱ्याला तेच फ्रॅक्चर वाटते. आमच्या फिल्मवरचा ठिपका तसा नव्हता. तो एकच होता, चवळीच्या दाण्याएवढा, गुळगुळीत कडेचा, एका बाजूला मात्र थोडा चपटा. पाच-सहा वर्षांच्या वयात येऊन दोन-तीन वर्षे वाढलेल्या मीडियल एपिकॉन्डाइलचे हे वर्णन आहे. नुकत्याच उगवलेल्या ट्रॉक्लियाचे नाही. क्रमाचा नियम आपल्याला शंका घ्यायला शिकवतो, पण ठिपक्याचा पोत पाहण्याची सवय त्या शंकेला आधार देते, आणि ही सवय पुस्तकातल्या रेखाचित्रांवरून लागत नाही. निरोगी मुलांच्या फिल्म भरपूर पाहिल्यानेच लागते.

लॅटरल चित्र नीट आले होते, हे ह्युमरसच्या खालच्या टोकाशी दिसणाऱ्या इंग्रजी आठाच्या आकारावरून कळत होते. हात फिरलेला असला की हा आठ मोडतो. ह्युमरसच्या पुढच्या कडेवरून काढलेली रेघ कॅपिटेलमच्या मधल्या तिसऱ्या भागातून जात होती, म्हणजे मुलांच्या कोपरात सर्वांत जास्त आढळणारे, सांध्याच्या जरा वर ह्युमरस मोडणारे सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर नव्हते. रेडियसच्या मधून काढलेली रेघही कॅपिटेलमला भेटत होती, म्हणजे रेडियल हेड जागेवर होते. पण अल्नाची खोबण ट्रॉक्लियाच्या वळणाला समांतर नव्हती, आणि त्या दोहोंच्या मधे, सांध्याच्याच पातळीवर, तोच चवळीएवढा ठिपका अर्धवट झाकलेला दिसत होता. मीडियल एपिकॉन्डाइल जागेवर असताना लॅटरल चित्रात ह्युमरसच्या मागच्या भागावर दिसतो. सांध्याच्या पातळीला दिसत नाही.

फॅट पॅडबद्दल इथे थोडे थांबले पाहिजे, कारण विद्यार्थिनीने पहिल्या फिल्मवर 'मागचा फॅट पॅड दिसत नाही, म्हणजे इजा नाही' असाही निष्कर्ष मनात काढला होता. कोपराच्या सांध्यावेष्टनात पुढे आणि मागे चरबीचे लहान थर असतात. पुढचा थर निरोगी कोपरातही बारीक काळसर रेघेसारखा दिसतो. मागचा ओलेक्रेनॉनच्या खळग्यात दडलेला असतो आणि काटकोनातल्या लॅटरलवर दिसत नाही. सांध्यात रक्त साचले की ते या थरांना बाहेर ढकलते, पुढचा होडीच्या शिडासारखा फुगतो आणि मागचा दिसू लागतो. हे चिन्ह फार उपयोगी आहे, परंतु ते वेष्टन शाबूत असण्यावर अवलंबून आहे. सांधा निखळताना वेष्टन फाटले तर रक्त आजूबाजूला पसरते आणि फॅट पॅड जागेवरच राहतो. शिवाय मोठ्या मुलांमध्ये मीडियल एपिकॉन्डाइल बहुतांशी वेष्टनाच्या बाहेर असतो, त्यामुळे तो तुटला तरी सांध्यात रक्त साचेलच असे नाही. म्हणून दिसलेला मागचा फॅट पॅड गंभीरपणे घ्यावा, पण न दिसलेल्या फॅट पॅडवर विसंबून कुणाला घरी पाठवू नये. आणि कोपर सरळ असताना घेतलेल्या लॅटरलवर तर या चिन्हावरून काहीच ठरवू नये, कारण सरळ कोपरात मागचा थर निरोगी माणसातही वर ढकलला जातो.

अहवाल देणे हे रेडिओलॉजिस्टचे काम आहे आणि त्या दिवशी आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट नव्हते. अशा वेळी रेडिओग्राफरने गप्प बसावे, या मताचा मी नाही. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत १९८०च्या दशकात रेडिओग्राफरने शंकास्पद फिल्मवर लाल ठिपका चिकटवण्याची पद्धत सुरू झाली. त्यामागचा विचार एवढाच होता की फिल्म सर्वांत आधी पाहणाऱ्या माणसाची शंका डॉक्टरांपर्यंत पोचावी. आमच्याकडे लाल ठिपका नव्हता. मी विद्यार्थिनीला फिल्म घेऊन स्वतः डॉक्टरांकडे पाठवले आणि निदान न सांगता तीन गोष्टी सांगायला लावल्या : आतल्या एपिकॉन्डाइलचे केंद्र जागेवर दिसत नाही, सांध्यात एक गोल सावली आहे, शनिवारी बाहेर कोपर ओढून बसवलेले आहे.

डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या अस्थिरोगतज्ज्ञांना फोन केला आणि त्यांनी डाव्या कोपराचे एक एपी चित्र मागितले. निरोगी बाजूचे तुलनात्मक चित्र सवयीने घेण्याला माझा ठाम विरोध आहे. हातापायाच्या चित्रात किरणांचा डोस अत्यल्प असतो हे खरे, पण निरोगी अवयवाला विनाकारण दिलेला कोणताही डोस हा जास्तीचाच डोस आहे, आणि क्रम पाठ नसल्याची भरपाई म्हणून तो मुलाला देणे मला पटत नाही. इथे मात्र उपचाराचा निर्णय ज्यांना घ्यायचा होता त्यांनी एका ठरावीक प्रश्नासाठी, एकच चित्र मागितले होते, आणि त्यावरून शस्त्रक्रिया ठरणार होती. ते घेतले. डाव्या कोपरात मीडियल एपिकॉन्डाइल आपल्या जागी, आतल्या कडेला, चवळीच्या दाण्याएवढा आणि गुळगुळीत. ट्रॉक्लियाच्या जागी मात्र काहीही नव्हते; तिची कूर्चा अजून हाडात बदलायला सुरुवातच झाली नव्हती. म्हणजे उजव्या कोपरात आम्ही ज्याला ट्रॉक्लिया समजत होतो ते केंद्र या मुलाच्या अंगात अजून जन्मालाच आले नव्हते.

हे कसे घडले असावे तेही आता सांगता येत होते. मुलगा पसरलेल्या हातावर पडला, कोपर बाहेरच्या बाजूला झुकले आणि आतली बाजू उघडली. मनगट आणि बोटे वाकवणाऱ्या स्नायूंचे सामाईक मूळ मीडियल एपिकॉन्डाइलवर असते, आणि सांध्याला आतून बांधून ठेवणारा अल्नर कोलॅटरल अस्थिबंधही तिथूनच निघतो. मोठ्या माणसात अशा वेळी अस्थिबंध फाटतो. मुलात अस्थिबंधापेक्षा वाढीची कूर्चा नाजूक असते, म्हणून तीच फुटते आणि एपिकॉन्डाइल स्नायूंसकट खाली ओढला जातो. सांधा निखळलेला असतो तोवर आतली फट उघडी असते. हात ओढला, सांधा पुन्हा बसला, आणि उघड्या फटीत शिरलेले हाड दारात अडकलेल्या बोटासारखे आत राहिले. हे तज्ज्ञाच्या हातूनही होऊ शकते, हे इथे स्पष्ट लिहितो. फरक एवढाच की रुग्णालयात सांधा बसवल्यानंतर पुन्हा फिल्म घेतली जाते आणि हे त्याच दिवशी कळते. सांधा बसवल्यानंतरची फिल्म हा उपचाराचाच भाग आहे, आणि ती आधीच्या फिल्मपेक्षा जास्त काळजीने घ्यावी लागते, कारण तोवर सगळ्यांचे मन निवांत झालेले असते.

सांध्यात अडकलेला तुकडा बाहेर काढावाच लागतो. त्यावर झोळी किंवा प्लास्टर हा उपाय नाही. मुलाला त्याच दुपारी रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली : तुकडा सांध्यातून सोडवला, अल्नर नर्व्ह जपून बाजूला धरली आणि दोन बारीक तारांनी एपिकॉन्डाइल मूळ जागी बसवला. कोपर लवकर आखडते म्हणून प्लास्टर तीन आठवड्यांपलीकडे ठेवले नाही. सहाव्या आठवड्यात तारा काढल्यावर तो पुन्हा आमच्याकडे फिल्मसाठी आला, तेव्हा हात पूर्ण सरळ व्हायला थोडाच बाकी होता आणि करंगळीच्या मुंग्या गेल्या होत्या.

त्यानंतर वर्षभराने, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटच्या तपासणीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी एक एपी आणि एक लॅटरल मागवले. ती विद्यार्थिनी तोवर परीक्षा देऊन आमच्याकडेच कंत्राटी नोकरीला लागली होती. तिने बुटके स्टूल ओढले, काख टेबलाला टेकते का पाहिले, आतला उंचवटा बोटाने चाचपला आणि एक्सपोजर दिले. मीडियल एपिकॉन्डाइल आपल्या जागी होता, थोडा मोठा झालेला. आणि त्याच्या खाली, सांध्याच्या आतल्या बाजूला, मागच्या वर्षी जिथे तो गुळगुळीत ठिपका होता जवळपास तिथेच, आता तीन बारीक, उसवलेल्या कडांचे, दाणेदार कण उमटले होते. तिने फिल्मवर बोट ठेवले आणि म्हणाली, "सर, ही बघा ट्रॉक्लिया."